कोठीतली जुनी खुर्ची : घेण्याआधी उलटी करून बघा, विकण्याआधीही

कोठी (हैदराबाद) : नांदेड, लातूर, उदगीर, बीदर, आदिलाबाद. कुठूनही एसटी किंवा आरटीसीनं हैदराबादला आलेला माणूस एमजीबीएसला उतरला की कोठी त्याला चुकत नाही. कुणाला दवाखान्यात दाखवायचं असतं, कुणाला सुलतान बाजारात लग्नाचा बस्ता बांधायचा असतो, कुणाला पोराच्या परीक्षेची जुनी पुस्तकं हवी असतात. आणि अलीकडे एक नवी मागणी दिसते: 'घरात एक जुनी खुर्ची पाहिजे. जुन्या काळातली, वेताची, हाताची.'

याच भागात या खुर्चीचा उलट प्रवासही चालू आहे. जुनी घरं पडून अपार्टमेंट उभी राहतात. नव्या फ्लॅटमध्ये आजोबांची खुर्ची मावत नाही म्हणून ती भंगारवाल्याच्या गाडीवर चढते. तिला नवा वेत, काळं पॉलिश आणि 'अँटिक' हे नाव मिळतं, आणि तीच खुर्ची दुसऱ्या कुणाच्या फ्लॅटमध्ये कितीतरी पट किमतीला जाते. विकणाऱ्याला आपल्याकडे काय होतं ते कळलेलं नसतं आणि घेणाऱ्याला आपण काय घेतलं ते कळलेलं नसतं.

म्हणून जुनी खुर्ची कशी पारखायची हे दोघांनीही शिकून घेण्यासारखं आहे. त्याला फार मोठं ज्ञान लागत नाही. डोळे, हात, एक टेप आणि पंधरा मिनिटं लागतात.

कोठीत खुर्च्या आल्या कुठून?

या भागाला कोठी हे नाव पडलं ते ब्रिटिश रेसिडेन्सीमुळे. निजामाच्या दरबारातला कंपनीचा रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक यानं १८०३ च्या सुमारास ही इमारत बांधायला घेतली. समोर उंच खांब, आत दरबार हॉल, असा हा युरोपी थाटाचा वाडा. १९४९ पासून तिथं महिलांचं कॉलेज होतं, आता महिला विद्यापीठ आहे. रेसिडेन्सीभोवतीची बाजारपेठ बरीच वर्षं इंग्रजांच्या अखत्यारीत होती. १९३३ मध्ये ती निजामाकडे परत गेली आणि सुलतान बाजार म्हणून ओळखली जाऊ लागली.

आपल्याकडे त्याआधी बसायची पद्धत जमिनीलगतची होती. गादी, लोड, तक्क्या, पाट, चौरंग, फार तर झोपाळा. खुर्ची ही कचेरीची वस्तू. साहेबाच्या बंगल्यातून ती सरदारांच्या देवडीत आली, तिथून वकील, डॉक्टर, मास्तर, कारकून यांच्या घरात. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड, उस्मानाबाद इथली मंडळी शिक्षणाला, कोर्टकचेरीला, नोकरीला हैदराबादला यायची. त्यातली बरीच सुलतान बाजार, गौळीगुडा, इसामिया बाजार, बडी चावडी या भागात राहिली. विवेक वर्धिनी शाळा इथलीच आणि १९२२ साली सुरू झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालयही इथलंच. या घरांच्या ओसरीत एक हाताची खुर्ची असायचीच. घरातला कर्ता पुरुष तिच्यात बसून पेपर वाचायचा आणि तो नसला की पोरं तिच्यावर तुटून पडायची.

'निजाम के जमाने की है साब'

बाजारात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. ते खोटंच असतं असं नाही, पण त्यातून फार काही कळतही नाही. निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत होतं. म्हणजे १९४५ साली बनलेली खुर्चीही 'निजाम के जमाने की' झाली. पण तिला शंभर वर्षं झालेली नाहीत.

इथं तीन शब्द वेगळे ठेवावे लागतात.

अँटिक म्हणजे साधारण शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू. आपल्याकडचा १९७२ चा पुरावस्तू कायदाही हाच आकडा धरतो.

व्हिंटेज म्हणजे त्यापेक्षा अलीकडची, पण एखाद्या ओळखीच्या काळाची आणि घडणीची वस्तू. १९५० ते १९७० मधल्या सागवानी खुर्च्या यात येतात.

तिसरा प्रकार म्हणजे जुन्या घाटाची नवी खुर्ची. जांबाग आणि पुतळीबावडीच्या फर्निचरच्या दुकानांत अशी खुर्ची ऑर्डर देऊन बनवूनही मिळते. यात फसवणूक काहीच नाही, फक्त ती 'नवी' म्हणून विकली पाहिजे. भानगड तेव्हा होते जेव्हा नवी खुर्ची काळी करून, दोन-चार ठिकाणी ठोकून जुनी म्हणून पुढे केली जाते.

वयावरून किंमत ठरते हा समजही अर्धाच खरा आहे. चंदीगड शहर वसवलं गेलं तेव्हा, १९५० च्या दशकात, पियर जानरे या वास्तुकारानं तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या साध्या खुर्च्या तयार करवून घेतल्या. पुढे त्या जुन्या झाल्या, मोडल्या, गच्चीवर ढीग लागले आणि भंगार म्हणून लिलावात गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या आणि युरोप-अमेरिकेत लाखो रुपयांना विकल्या. त्या शंभर वर्षांच्या नसल्यामुळे पुरावस्तूच्या कायद्यातही बसत नव्हत्या. २०११ मध्ये केंद्रीय गृहखात्याला हे फर्निचर जपण्याचा आदेश काढावा लागला. कचेरीला जे भंगार वाटलं त्याची घडण दुसऱ्याला दिसली. कोठीतल्या आजोबांच्या खुर्चीला लाखो रुपये येतील असं नाही, पण भंगारवाला तिला लाकडाच्या भावानं नेतो तेव्हा तीच चूक छोट्या प्रमाणात होते.

आधी हे ठरवा : बसणार कोण?

दुकानात खुर्ची बघण्याआधी घरात बसणारा माणूस बघावा. प्रत्येक घाटाची खुर्ची वेगळ्या कामासाठी बनलेली आहे.

लांब हातांची आरामखुर्ची. दुकानदार तिला प्लांटर्स चेअर म्हणतात. पाठ मागे कललेली, बैठक वेताची, हात चांगले रुंद आणि त्याखालून फिरून बाहेर येणाऱ्या दोन लाकडी पट्ट्या, ज्यांच्यावर पाय टाकायचे. दिसायला ही सगळ्यात रुबाबदार. पण तिची बैठक मागे खोल उतरलेली असते. गुडघेदुखीच्या माणसाला तिच्यातून उठायला दुसऱ्याचा हात लागतो. पट्ट्या उघडल्या की ती पाच फुटांच्या आसपास जागा खाते. ओसरी, मोठी गॅलरी, गावाकडचं घर असेल तरच घ्यावी. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये ती रोज पायात येते.

सरळ पाठीची, हाताची वेताची खुर्ची. कचेरीतली किंवा वकिलाच्या टेबलामागची. दिसायला साधी, म्हणून बाजारात मागे पडलेली असते. पण म्हाताऱ्या माणसासाठी यासारखी दुसरी नाही. बैठक उंच, हात भक्कम, दोन्ही हातांवर भार देऊन उठता येतं.

वाकवलेल्या लाकडाची खुर्ची, म्हणजे इराणी हॉटेलातली. वाफेनं लाकूड मऊ करून गोल वाकवायची ही पद्धत मायकेल थोनेट यानं व्हिएन्नात नावारूपाला आणली. त्याची १४ नंबरची खुर्ची १८५९ सालची. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट एवढाच तिचा ऐवज. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या, म्हणून ती जहाजानं जगभर गेली. ही हलकी आणि जेवणाच्या टेबलाला उत्तम. पण हात नसतात, आणि तासभर टेकून बसायला ती बनलेलीच नाही.

कोरीव शिसवी खुर्ची. एकोणिसाव्या शतकात मुंबईत काळ्या शिसवीचं कोरीव फर्निचर फार बनलं. पारशी आणि श्रीमंत घरांत ते असायचं. जड, दणकट, देखणं. पण पाठीवर वेलबुट्टी जितकी जास्त तितकी ती पाठीला टोचते. बसून बघितल्याशिवाय घेऊच नये.

कापडी घडीची आरामखुर्ची. लाकडी चौकट आणि मध्ये जाड पट्ट्यापट्ट्यांचं कापड. 'अँटिक' म्हणून हिला कुणी विचारत नाही, म्हणून स्वस्तात मिळते. कापड कुठलाही शिंपी बदलून देतो. फक्त मागची आडवी दांडी ज्या खाचेत अडकते ती खाच झिजलेली नाही ना हे बघायचं. दांडी सटकली की माणूस पाठीवर आपटतो, बोटंही चिमटतात.

गादीची, स्प्रिंगची खुर्ची. बसायला मऊ, पण आत काय आहे ते दिसत नाही. दुरुस्तीचा सगळ्यात जास्त खर्च इथंच निघतो.

टेप काढा

बैठकीची जमिनीपासून उंची मोजा. साधारण १६ ते १८ इंच बहुतेकांना चालते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला १८-१९ इंच बरी. खुर्ची १४ इंचांची असेल तर ती कितीही जुनी असो, घरातली आजी तिच्यात बसणार नाही, कारण तिला उठता येणार नाही.

खोली मोजा, म्हणजे बैठकीच्या पुढच्या काठापासून पाठीपर्यंतचं अंतर. पाठ टेकून बसल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. काठ पोटरीत रुतत असेल तर पायाला मुंग्या येतात.

हातांची उंची बैठकीपासून ७ ते ९ इंच असावी. त्याहून उंच असेल तर खांदे वर ओढले जातात. जेवणाच्या टेबलाला लावायची असेल तर हात टेबलाखाली जातात का हेही बघावं.

शेवटी घराचा दरवाजा मोजा. जुन्या वाड्याच्या दारातून निघालेली खुर्ची फ्लॅटच्या अडीच फुटी आतल्या दारातून जात नाही, लिफ्टमध्ये तर नाहीच. तिसऱ्या मजल्यावर हमालानं जिन्यातून चढवताना एक हात निखळला की सगळी खरेदी पाण्यात.

आता खुर्ची उलटी करा

दुकानदार खुर्ची पुढून दाखवतो. आपण ती उलटी करून बघायची. जुन्या खुर्चीचं खरं-खोटं तिच्या पोटाखाली दिसतं, कारण तिथं सहसा कुणी पॉलिश करत नाही.

सांधे. चांगल्या जुन्या खुर्चीत एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसवलेलं असतं आणि वरून लाकडी खुंटी ठोकलेली असते. जोडायला सरस वापरलेला असायचा. सरसाचा गुण असा की गरम ओल्या फडक्यानं तो मऊ पडतो, सांधा सुटतो, साफ करून पुन्हा जोडता येतो. म्हणून हलणारी खुर्ची वाईटच असं नाही. वाईट ती, जिच्या हलणाऱ्या सांध्यात कुणीतरी चार खिळे ठोकलेत. खिळ्यानं लाकूड चिरतं आणि मग तो पाय किंवा हात नवाच करावा लागतो. खुर्ची दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे आणि तिरकी हलवा. आवाज कुठून येतो ते बघा. मागचे पाय आणि बैठक जिथं मिळतात तिथं सगळा भार असतो. तिथली चीर दिसली तर विचार सोडून द्या.

स्क्रू. ज्याच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह आहे तो स्क्रू १९३० च्या दशकानंतरच बाजारात आला. 'सव्वाशे वर्षांच्या' खुर्चीत तो दिसला तर एक तर दुरुस्ती झालीय, नाही तर गोष्ट रचलीय. दुरुस्ती झाली असेल तर काही बिघडत नाही, पण दुकानदारानं ती सांगितली पाहिजे.

झीज. माणूस बसतो तिथंच खुर्ची झिजते. हातांची पुढची टोकं तळव्यानं गुळगुळीत होतात, पुढची आडवी दांडी टाचा घासून मधोमध खोलगट होते, पायांचे तळ फरशीवर झिजतात. बनावट खुर्चीत झीज सगळीकडे सारखी असते, जिथं हात-पाय पोचतच नाहीत तिथंही.

लाकूड. बाजारात सगळं लाकूड 'असली बर्मा टीक' असतं. सागवानाचा रंग सोनेरी तपकिरी, रेषा बऱ्याचशा सरळ, हाताला किंचित तेलकटपणा. शिसवी गडद, जांभळट तपकिरी आणि उचलली की लगेच कळावी इतकी जड. काळं जाड पॉलिश दोन्ही लपवतं. म्हणून खालच्या कोऱ्या बाजूचा रंग बघा. हात सागवानी, मागचे पाय आंब्याच्या लाकडाचे आणि बैठकीखाली प्लायवूड, असली जोडाजोड तिथंच उघडी पडते. पॉलिशचा ताजा वास येत असेल तर 'हे पॉलिश कधी केलं आणि का केलं' हे विचारायचं.

कीड. वाळवीचे मातीचे माग सांध्यात आणि पायांच्या तळाशी दिसतात. लाकूड पोखरणाऱ्या किडीची बारीक गोल भोकं असतात. भोकं जुनी असतील तर आतून काळपट दिसतात. ताजा, फिकट भुसा गळत असेल तर कीड जिवंत आहे. बोटानं ठोकून बघा, पोकळ आवाज चांगला नाही. घरी आणल्यावरही दोन-चार दिवस खुर्ची पांढऱ्या कागदावर ठेवावी. कागदावर पीठ पडलं तर बाकीच्या फर्निचरपासून ती लांब ठेवून आधी किडीचा बंदोबस्त करावा.

ढेकूण. ही लाजायची नाही, बघायची गोष्ट आहे. गादीच्या शिवणी, वेताची भोकं, सांध्यांच्या फटी यात काळे ठिपके दिसले तर ती खुर्ची घरात नेऊ नये. एक जोडी सगळं घर ताब्यात घेते.

वेत खरा की प्लास्टिकचा?

वेत दोन प्रकारे बसवलेला असतो. जुन्या पद्धतीत बैठकीच्या चौकटीला ओळीनं भोकं पाडून एकेक पट्टी हातानं विणली जाते. उभी, आडवी आणि दोन्ही बाजूंनी तिरकी. दुसऱ्या पद्धतीत तयार विणलेली जाळी चौकटीच्या खाचेत दाबून वरून पट्टी मारतात. हातानं विणलेला वेत टिकाऊ आणि महाग, जाळी स्वस्त. जुन्या खुर्चीत भोकं दिसतात पण वर जाळी बसवलीय, असं आढळलं तर काम घाईत उरकलंय असं समजावं.

प्लास्टिकचा वेत ओळखायला जाळी उलटी बघावी. खऱ्या वेताची वरची बाजू चकचकीत आणि मागची खरखरीत असते, प्लास्टिक दोन्हीकडून सारखंच गुळगुळीत. खरा वेत थोडा सैल झाला असेल तर खालच्या बाजूनं ओलं फडकं फिरवून रात्रभर वाळू द्यायचा, बऱ्यापैकी ताणला जातो. तुटलेला मात्र नवाच विणावा लागतो. वेत विणणारे कारागीर आता मोजके उरलेत. देशात अनेक ठिकाणी हे काम अंध कारागिरांच्या हातात आहे आणि ते उत्तम करतात. आपल्या गावात विणणारा आहे का हे खुर्ची घेण्याआधी विचारून ठेवावं.

खरी किंमत कशी काढायची?

दुकानदार सांगतो ती किंमत पहिला आकडा असतो. त्यात दुरुस्ती मिळवायची, वेत किंवा गादी मिळवायची, पॉलिश मिळवायचं आणि गाडीभाडं मिळवायचं. समजा खुर्ची ५,००० रुपयांची, सांध्यांचं काम १,५००, वेत २,०००, गावापर्यंत नेणं १,५००. म्हणजे ती खुर्ची १०,००० ची झाली. त्याच पैशात जांबागला नवी सागवानी खुर्ची काय मिळते हे त्याच दिवशी विचारून यावं. तुलना करूनही जुनीच आवडली तर बेलाशक घ्यावी.

जुन्या सामानासाठी हैदराबादेत जुमेरात बाजार प्रसिद्ध आहे. नावाप्रमाणे गुरुवारचा. चारमिनारजवळचा महबूब चौकही जुन्या वस्तूंसाठी ओळखला जातो. शहरात रविवारी जुन्या सामानाचे लिलावही होतात. लिलावात जायचं तर आदल्या दिवशी किंवा लवकर जाऊन खुर्ची उलटी करून बघावी आणि आपला शेवटचा आकडा चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवावा. बोली चढायला लागली की डोकं चालत नाही.

घासाघीस करताना दोष मोजून दाखवावेत, नुसतं 'कम करो' म्हणू नये. 'पिछला पाँव बदला हुआ है, केन प्लास्टिक का है,' एवढं म्हटलं की समोरच्याला गिऱ्हाईक कोण आहे ते कळतं.

डोळ्याला सवय लावायची असेल तर कोठीहून मुसी ओलांडली की सालारजंग म्युझियम आहे. शुक्रवारी ते बंद असतं. तिथं देशी-परदेशी फर्निचर आहे. हस्तिदंती खुर्च्याही आहेत. फ्रान्सच्या राजानं त्या टिपू सुलतानाला भेट दिल्या असं म्युझियम सांगतं. त्या डोळे भरून बघाव्यात.

कायद्याचं चार ओळींत

हस्तिदंत जडवलेली खुर्ची कुणी विकायला काढली तर हात लावू नये. वन्यजीव कायद्यानं हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. 'जुनं आहे, चालतं' हे खरं नाही.

शंभर वर्षांवरची पुरावस्तू खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. पुण्या-हैदराबादचं घर आवरून आजोबांची खुर्ची अमेरिकेला न्यायची असेल तर ती पुरावस्तू नाही असा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला आधी घ्यावा. खुर्ची शिसवीची असेल तर आणखी एक पायरी आहे. २०१७ पासून शिसवीची सगळी जात सायटिस या आंतरराष्ट्रीय करारात आली आहे, त्यामुळे तिचेही कागद लागू शकतात.

राज्याची सीमा ओलांडताना साधं पक्कं बिल जवळ ठेवावं, त्यावर 'जुनी खुर्ची' असं लिहून घ्यावं. माल ५०,००० रुपयांच्या वर असेल तर दुकानदाराकडून ई-वे बिल मागावं. काचीगुडा स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून पाठवायची असेल तर हात आणि पाय जुन्या गोधडीनं बांधूनच द्यावेत.

घरी आणल्यावर

पहिली चूक होते ती सगळं पॉलिश खरवडून चकाचक करण्याची. जुन्या खुर्च्यांवर बहुधा लाखेचं पॉलिश असतं. कापसाला थोडं स्पिरिट लावून खालच्या बाजूला टेकवलं आणि पॉलिश चिकट झालं तर ते लाखेचं. ते नुसतं पुसून, वर पुन्हा एक हात मारून ताजं होतं. सँडपेपर घासला की झीज जाते, रंगाची खोली जाते आणि जुनेपणासाठी मोजलेले पैसेही त्याबरोबर जातात.

दुसरी चूक म्हणजे जागा. मराठवाड्याचा उन्हाळा कोरडा आणि कडक. लाकूड आकसतं, सांधे सैल होतात. त्यात समोरून कूलरची ओली हवा लागली तर ते फुगतं. ऊन आणि कूलर दोन्हींच्या झोतापासून खुर्ची बाजूला ठेवावी. कोकण-गोव्यातून आणलेली खुर्ची इकडे पहिल्या उन्हाळ्यात कुरकुरते. तेव्हा लगेच खिळे ठोकू नयेत, सुताराकडून सांधे पुन्हा सरसानं किंवा साध्या लाकडी गोंदानं बसवून घ्यावेत.

आणि विकण्याआधी

आता परत कोठीतल्या त्या पडणाऱ्या घराकडे येऊ. भंगारवाला दारात उभा आहे, सामान तीन दिवसांत हलवायचंय, भाऊ-बहिणी वेगवेगळ्या शहरांत. अशा वेळी खुर्ची जाते ती घाईत.

तिथंही हीच परीक्षा करावी. उलटी करा. सांधे शाबूत आहेत, लाकूड सागवान किंवा शिसवी आहे, कीड नाही, मागचे पाय चिरलेले नाहीत, तर ती भंगार नाही. तुटलेला वेत आणि उडालेलं पॉलिश हे खुर्चीचे दोष नाहीत, ते कपडे आहेत. उंची मोजा. १७-१८ इंच भरली तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला नव्या सोफ्यापेक्षा ती जास्त उपयोगी पडेल. आजकालचे सोफे इतके खोल आणि मऊ असतात की सत्तरीच्या माणसाला त्यातून उठणं म्हणजे कसरत.

ठेवायची नसेल तर फोटो काढून, मापं लिहून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाका. आठवडाभर थांबा. कुणीतरी भाचा, पुतणी ती मागतेच. तरी विकायची वेळ आली तर निदान दोन ठिकाणी दाखवून, लाकडाचं नाव घेऊन विका. आणि खुर्चीच्या बैठकीखाली एक चिठ्ठी चिकटवा: कुणाची, कुठल्या घरातली, साधारण कधीची. बाजारात गोष्ट रचून सांगणारे पुष्कळ आहेत, खरी गोष्ट बहुतेक वेळा कुणी लिहिलेलीच नसते.

घेणाऱ्यासाठी शेवटची सूचना एवढीच. सगळं तपासून झालं की दुकानातच त्या खुर्चीत पंधरा मिनिटं बसा. मोबाइल बाजूला ठेवा. पाठ काय म्हणते, पोटरी काय म्हणते ते ऐका. मग हातांवर भार देऊन उठा. सहज उठता आलं तर भावाचं बोला. नाही आलं, तर ती निजामाची असली तरी तिथंच राहू द्या.